ठिणगी पडते तो क्षण

निवांत बसा. खांदे सैल सोडा. श्वास आपल्या चालीने चालू द्या.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या टार्निटचा माळ मनापुढे आणा. आज जिथे घरांच्या रांगा आहेत आणि २०१५ पासून रेल्वे स्टेशनही आहे, तिथे पूर्वी शेतं होती, मेंढ्या चरत होत्या. पायाखाली लाव्हाचा काळा दगड, आपल्या दख्खनसारखाच. या माळावर १९२९ नंतरचा एक फोर्डसन ट्रॅक्टर उभा आहे असं समजा. पेट्रोलवर सुरू करायचा, इंजिन तापलं की रॉकेलवर घ्यायचा. ठिणगीसाठी बॅटरी नाही. पुढे फक्त हँडल.

आता ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोपाशी या. आत कायमचं चुंबक आणि तारेच्या दोन गुंडाळ्या. एक जाड तारेची, मोजक्या वेढ्यांची; दुसरी बारीक तारेची, हजारो वेढ्यांची. हँडल फिरलं की जाड तारेत करंट येतो. करंटची वाट उघडमीट करणारे पॉइंट मिटलेले आहेत तोवर तो गुपचूप वाहतो. ठिणगी नाही. करंट शिगेला पोचतो आणि नेमके तेव्हाच पॉइंट उघडतात. त्यांच्या फटीतून करंट निसटू नये ही काळजी कंडेन्सर घेतो. करंट तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं, बारीक तारेत हजारो व्होल्ट उसळतात. प्लगवर ठिणगी पडते.

खंड पडला, म्हणून ठिणगी पडली. इथे थोडं थांबा.

पण हात तरी हँडल किती वेगाने फिरवणार? संथ फिरणाऱ्या मॅग्नेटोत जोर नसतो. म्हणून इंपल्स कपलिंग. एक खिट्टी मॅग्नेटोला अडवून धरते. इंजिन पुढे सरकत राहतं, स्प्रिंग ताणली जाते. मग खिट्टी सुटते. टक्! मॅग्नेटो झटक्यात फिरतो. ठिणगी जोरकस पडते आणि जरा उशिराने, पिस्टन माथ्याशी आल्यावर. ती लवकर पडली तर इंजिन उलटा झटका देतं, मनगट मोडू शकतं. म्हणून जाणती माणसं अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल खालून वर ओढत. गावाकडच्या डिझेल इंजिनाला हँडल मारलेल्या हातांना ही मेहनत ठाऊक आहे. तिथे ठिणगी लागत नाही, इथे सारा भार तिच्यावर.

इंजिनाने वेग धरला की खिट्टी आपोआप बाजूला फेकली जाते. पुढे इंजिन मॅग्नेटोला फिरवतं, मॅग्नेटो इंजिनाला ठिणगी पुरवतो. ठिणगीसाठी बाहेरून काही मागावं लागत नाही.

आता स्वतःचं एखादं अडलेलं काम आठवा. त्या अडण्यात ताण साठतो आहे, की नुसताच हात दुखतो आहे? नीट पाहा. ताण साठत असेल तर हँडल सोडू नका. आणि काम एकदा चालू झालं की सुरुवातीची खिट्टी धरून ठेवू नका, तिला बाजूला होऊ द्या.