बेचाळीस हजार म्हणताना काय तपासलंस?

बस खाली. मोबाइल बाजूला ठेव आणि माझं बोलणं संपेपर्यंत मध्ये तोंड घालू नकोस.

काल तुझ्या मामांचा फोन आला होता. "सर, भाचा म्हणतोय बेचाळीस हजारांत लॅपटॉप स्वस्तच आहे, पैसे पाठवू का?" एवढंच विचारलं त्यांनी. सोयाबीनचे पैसे आहेत ते. पोरीच्या पॉलिटेक्निकसाठी बाजूला काढून ठेवलेत. लॅपटॉपमधलं त्यांना काही कळत नाही आणि कळायची गरजही नाही, कारण घरात तू आहेस, हार्डवेअर शिकतोयस. तुझ्या एका शब्दावर ते पैसे पाठवायला निघाले होते, आणि तो शब्द तू कशाच्या जोरावर दिलास? खोक्यावरचं एमआरपीचं स्टिकर वाचून! "पंच्याण्णव हजारांचा माल अर्ध्याहून कमी पैशांत, सीलसुद्धा फोडलेलं नाही." हे तुझं शिक्षण?

त्याहून जास्त राग मला नंतरच्या बोलण्याचा आला. मी आवाज चढवल्यावर लगेच म्हणालास, "मग दहा हजारांत मागतो सर, विकणाऱ्यांच्या कंपनीच्या हिशेबात तो शून्यच झाला असेल." एका दमात बेचाळीसचे दहा! म्हणजे दोन्ही वेळा तू किंमत ठरवलीच नाहीस. पहिल्यांदा स्टिकर वाचलंस, दुसऱ्यांदा माझा चेहरा.

हिशेबातलं शून्य म्हणजे काय, ते तरी माहीत आहे का? प्राप्तिकरासाठी संगणकावर दरवर्षी ४० टक्के घसारा धरतात, उरलेल्या रकमेवर. पंच्याण्णव हजारांचे सात वर्षांत पावणेतीन हजारही उरत नाहीत. कंपनी कायद्याच्या परिशिष्टात तर लॅपटॉपचं आयुष्य तीनच वर्षांचं धरलेलं आहे. हे सगळं कर आणि ताळेबंदासाठी. यंत्र किती काम देईल, याच्याशी त्या आकड्यांचा काही संबंध नाही. एमआरपीचाही नाही. ती २०१८ साली छापलेली आहे, आणि कंपन्या असे लॅपटॉप घाऊक घेतात तेव्हा तेवढे पैसे तेव्हाही मोजत नाहीत. ज्या गृहस्थांची छोटी कंपनी बंद पडली आणि कपाटात दोन खोकी तशीच राहिली, त्यांनाही पैशांची गरज आहे. त्यांना बुडवायचं नाही आणि मामांनाही बुडवायचं नाही. योग्य किंमत म्हणजे दोघांनाही समोरासमोर बसवून सांगता येईल अशी किंमत. ती काढायला मेहनत लागते.

आता ते मॉडेल समोर घे. लेनोव्होचा थिंकपॅड टी४८०, जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेला. आत इंटेलचा आय५-८२५०यू, आठव्या पिढीचा. ही पिढी वर्गात मी का घोकून घेतली होती? आधीच्या पिढीत आय५-७२००यूला दोनच कोअर होते, आठव्या पिढीत त्याच वर्गात चार आले. आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टची जी यादी आहे, ती इंटेलच्या बाबतीत अगदी थोडे अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासूनच सुरू होते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे हाच लॅपटॉप एक वर्ष आधीचा, टी४७० असता, तर खोकं कितीही कोरं असो, मी तुला हात लावू दिला नसता. दिसायला दोन्ही जवळपास सारखे, पण एकाला पुढची वाट आहे आणि दुसऱ्याला नाही. तू प्रोसेसरचा क्रमांक वाचला होतास का? नाही. या वेळी नशिबाने तो बरा निघाला. नशिबावर सल्ला देत नसतात.

आणि तुझं ते "सील फोडलेलं नाही". न वापरलेल्या यंत्राला मोल नाही, असं मी म्हणत नाही. बिजागरी सैल झालेली नसते, कळा घासून गुळगुळीत झालेल्या नसतात, पडद्यामागचा उजेड मंदावलेला नसतो, एसएसडीवर लिखाणाचा भार पडलेला नसतो. याचे जास्त पैसे द्यायलाच हवेत. पण बॅटरी वापराने जशी झिजते, तशी नुसत्या वयानेही झिजते. मामांना विचार, बियाण्याची पिशवी शिवलेली तशीच राहिली म्हणून चार हंगामांनंतर तिची उगवण तेवढीच राहते का? लिथियमच्या सेलचंही तेच. त्यात खोकं उन्हाळ्यात तापणाऱ्या पत्र्याच्या खोलीत पडलेलं असेल तर आणखी वाईट. आणि वर्षानुवर्षं चार्ज न करता पडलेली बॅटरी इतकी उतरते की कधी कधी ती पुन्हा उठतच नाही.

टी४८०मध्ये बॅटऱ्या दोन असतात, हे तुला ठाऊक आहे. एक आतली, २४ वॅट-तासांची, आणि एक मागून काढता येणारी. मग त्या गृहस्थांना सांगून खोकं उघडवायचं, लॅपटॉप चार्जरला लावायचा आणि विंडोजमधून बॅटरीचा अहवाल काढायचा. पॉवरसीएफजीची आज्ञा मी तुमच्या हातून लिहून घेतली आहे. त्या अहवालात मूळ क्षमता वेगळी दिसते आणि आता भरणारी क्षमता वेगळी. एकदा पूर्ण उतरवून, पूर्ण भरून पुन्हा अहवाल काढ. त्याआधीचा आकडा खरा धरू नकोस. चार्जची आवर्तनं शून्याजवळ आणि तरीही क्षमता घटलेली, असं दिसलं तर दचकू नकोस, ते वयामुळे. एसएसडीचे चालू तासही बघ. क्रिस्टलडिस्कइन्फोत ते दिसतात. तिथे शेकडो तास निघाले तर "न वापरलेला" ही गोष्टच खोटी ठरली आणि तो सौदा तिथेच संपला.

या यंत्राची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती कपाटात पडून राहिलेल्या नगाला जास्त लागू होते. त्या काळातल्या अनेक थिंकपॅडच्या थंडरबोल्ट कंट्रोलरमधल्या जुन्या फर्मवेअरमुळे यूएसबी-सी पोर्ट बंद पडायचे. लेनोव्होने त्यासाठी तातडीचं अपडेट काढलं. जो लॅपटॉप कार्यालयात वापरला गेला, त्यात बहुधा ते कधीतरी चढलं असेल. जो खोक्यातून निघालाच नाही, त्यात कसं चढणार? टी४८० त्याच पोर्टवर चार्ज होतो. म्हणजे हातात आल्यावर पहिलं काम ते, बाकी सगळं नंतर. हे मामांना कोण सांगणार होतं?

वॉरंटीचं तर तू नावच काढलं नाहीस. अशा यंत्रांना कंपन्या तीन-तीन वर्षांची सेवा विकत घेतात, पण ती खरेदीच्या किंवा माल निघाल्याच्या तारखेपासून मोजतात. तू सील फोडशील त्या दिवसापासून नाही. सिरियल नंबर लेनोव्होच्या सेवेच्या पानावर टाकला असतास तर दोन मिनिटांत तारीख समोर आली असती. बिलाची प्रतही मागायला हवी होती. कंपनीचा माल आहे. बायोसला पासवर्ड असेल तर सील तोडून काय उपयोग? आणि घाऊक घेतलेली यंत्रं कारखान्यातून निघतानाच विंडोज ऑटोपायलटमध्ये कंपनीच्या नावावर नोंदवलेली असू शकतात. मग घरी वायफाय जोडलं की पडद्यावर बंद पडलेल्या कंपनीचं लॉगिन येणार. कोऱ्या खोक्यातला कोरा लॅपटॉप, आणि आत जाता येत नाही. म्हणून नोंद काढून घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

पण तू सगळ्यात स्वस्त चूक केलीस ती वेगळीच. खोक्याच्या बाजूला कॉन्फिगरेशनची ओळ आहे. तू मला पाठवलेल्या फोटोतच ती दिसते. चौदा इंच, एचडी. फुल एचडी नव्हे, एचडी! म्हणजे १३६६ गुणिले ७६८, टीएन पडदा. कंपन्या घाऊक घेताना बऱ्याचदा हाच स्वस्त पडदा घेतात. बाजूने पाहिलं की रंग फिके. आणि पोरगी त्यावर कॅडची ड्रॉइंग काढणार! फोटो तूच काढलास, आणि तुलाच तो वाचता आला नाही.

आता पाटीवर ये आणि लिही. लॅमिंग्टन रोडला तू ज्या दुकानदाराला विचारलंस, तो फुल एचडीचा वापरलेला टी४८०, आठ जीबी रॅमचा, सहा महिन्यांच्या वॉरंटीसह साडेअठरा हजारांना देतोय. एकच दुकान पुरत नाही, आणखी दोघांना विचारायचं आणि मधला भाव घ्यायचा. पण आज हाच आकडा पाया धरू. मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे, हेही बाजूला लिहून ठेव. त्यात न वापरलेल्या यंत्राचे पाच हजार वाढव. मोठ्या मनाने वाढवतोय मी, कारण तो कीबोर्ड आणि ती बिजागरी खरोखर टिकणार आहे. झाले साडेतेवीस. आता वजा कर: पडदा बदलून फुल एचडी करायचे साडेतीन हजार, मागची बॅटरी नवी घ्यावी लागली तर अडीच, वॉरंटी नाही त्याचे दीड. किती उरले? सोळा हजार. बॅटरी चांगली निघाली तर साडेअठरा.

दुसरीकडूनही तपास. त्याच दुकानात आय३-१२१५यूचा नवा लॅपटॉप सदतीस हजारांना आहे, तू स्वतःच सांगितलंस. त्याला सहा कोअर, वर्षाची वॉरंटी आणि बिल. त्याचं प्लॅस्टिक हलकं असेल, बऱ्याचदा रॅम बोर्डाला चिकटवलेली असते. थिंकपॅडला रॅमच्या दोन जागा आहेत, खोलून दुरुस्त करायची पुस्तिका कंपनीनेच सगळ्यांसाठी ठेवलेली आहे, आणि मी स्वतः पोरीच्या हातात थिंकपॅडच देईन. पण सदतीसला नवा मिळत असताना सात वर्षं जुन्याला बेचाळीस? हा एकच प्रश्न स्वतःला विचारला असतास तर मामांना फोन करायची वेळ आली नसती.

आणि दहा हजारांचं तुझं मागणं का चूक, तेही याच पाटीवर दिसतंय. सगळी वजाबाकी करून, बॅटरी मेलेली धरूनही सोळा उरतात. ते गृहस्थ अडचणीत आहेत म्हणून सहा हजार कमी द्यायचे, याला व्यवहार म्हणत नाहीत. तू उद्या दुकान टाकशील, तेव्हा लोक तुझ्याकडे दोन्ही बाजूंनी येतील, विकायला आणि घ्यायलाही.

हा कागद घे. आज संध्याकाळी त्या गृहस्थांकडे जा. बिल, सिरियल नंबर, बायोस, ऑटोपायलट, बॅटरीचे दोन्ही अहवाल, एसएसडीचे तास, पडदा, सगळं त्यांच्यादेखत तपास आणि त्यांच्यासमोरच लिही. हिशेब त्यांनाही दाखव, लपवू नकोस. त्यांनी पटवून एखादा आकडा बदलला तर बदल. मग मामांना फोन कर आणि बेचाळीस हजार मी न तपासता सांगितले होते, असं आधी स्पष्ट सांग. उद्या साडेनऊला हा कागद माझ्या टेबलावर हवा. तो मी बघेपर्यंत मामांनी एक रुपयाही पाठवायचा नाही, हेही त्यांना आत्ताच कळव.