अंतर कोणी मोजलं?

मी राहतो नाचणगावात आणि राबतो बुटीबोरीकडच्या एका सूतगिरणीत. मधे रुळाचं ऐंशी-एक किलोमीटर अंतर. पहिली पाळी असली की रात्री तीनला उठायचं, सायकल दामटत पुलगाव स्टेशन गाठायचं, मिळेल त्या गाडीत घुसायचं. वर्धा, सेवाग्राम, सेलू रोड, सिंदी, मग बुटीबोरी. तिथून गेटपर्यंत ऑटो. दुसरी पाळी सुटली की घर गाठेपर्यंत मध्यरात्र उलटलेली. गाडी हुकली तर फलाटावरच पाय पोटाशी घेऊन पडायचं. केसात रुई तशीच.

एका रात्री फलाटावर बसून हिशेब मांडला. जायला अडीच तास, यायला अडीच. रोजचे ५. महिन्याच्या २६ हजेऱ्या धरल्या तर १३० तास. म्हणजे आठ तासांच्या सोळा पाळ्या मी दर महिन्याला फुकट भरतो. वर्षाचे १५६० तास. दिवसरात्र मिळून ६५ दिवस. वर्षातले दोन महिन्यांहून जास्त मी ना घरचा ना गिरणीचा. मी फक्त डब्यातला.

आई रोज एकच सवाल टाकते. "काहून येवढी मरमर करतं रे बाप्पू? तिकडीच खोली कर ना. माह्यं काय, मी राहीन इथं."

सवाल साधा दिसतो. पण दोस्तहो, दोन वर्षं झाली, मला त्याचं सरळ उत्तर देता येत नाही. उत्तर द्यायला गेलो की खोली, गाडी, भाडं बाजूला राहतं आणि वेगळंच काही उघडं पडतं. ते तुमच्यापुढं मांडतो.

आधी वस्तीची बाजू घेतो, कारण ती माझी बाजू आहे.

नाचणगाव म्हणजे पुलगावला चिकटलेलं गाव. जनगणनेत शहर म्हणून मोजतात, कारभार ग्रामपंचायतीचा. ना धड गाव, ना धड शहर. पांढरपेशे ज्याला उपनगर म्हणतात, तसलं काहीतरी. त्यात आमची वस्ती. घर स्वतःचं, दोन खोल्यांचं, दारात कडुनिंब. विहारावर पंचशील ध्वज. वर्षावासात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचला जातो. म्हाताऱ्या पदर सावरून ऐकतात, पोरं मागं दंगा करतात. १४ एप्रिलची वर्गणी, ६ डिसेंबरची चैत्यभूमीची गाडी. कोणाच्या घरी मयत झाली तर बोलवावं लागत नाही, लाकडं आणायला चाळीस हात उभे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, इथं मला कोणी आडनाव विचारत नाही.

हे सुख ज्याला मिळतं त्याला ते दिसत नाही. ते दिसायला खोली शोधावी लागते.

मागल्या उन्हाळ्यात मी गिरणीच्या बाजूला खोली पाहायला गेलो. खोली चांगली होती. नळ आत, खिडकी पूर्वेला. मालक पण गोड बोलला. पाणी दिलं. मग विचारलं, "पूर्ण नाव काय म्हणले?" मी सांगितलं. तो हसला. म्हणाला, "देवघर कुठं मांडाल?" मी म्हणालो, आम्ही बुद्धाची मूर्ती ठेवतो, ती कुठंही राहते. तो परत हसला. "भावाला विचारून कळवतो." भाऊ अजून विचारच करतो आहे.

मी पुढचं दार ठोठावलं नाही. स्टेशनवर आलो, गाडी धरली, आणि त्या दिवसापासून मी वस्तीचा मोठा भक्त झालो. मित्रांना सांगू लागलो, आपली माणसं सोडून जायचं नाही, समाजात राहूनच काम करायचं, पाच तास गेले तर गेले. टाळ्या पण मिळाल्या.

आता खरं बोलतो. त्यातला किती भाग निष्ठा होता आणि किती भाग भीती?

आपल्या लोकांसाठी अंतर ही रस्त्याची गोष्ट कधीच नव्हती. महारवाडा गावकुसाबाहेर. किती बाहेर, ते आपण ठरवलं नाही. पाणवठा कुठला, सावली कुठवर, वाट कुठली, सगळं दुसऱ्यानं मोजून दिलं. उपनगर ही कल्पना शहरवाल्यांना आत्ता सुचली. आपण शेकडो वर्षं गावाचं उपनगर होतो. फरक एवढाच की आज पैसेवाला माणूस लांब राहायला पैसे मोजतो, मोकळी हवा विकत घेतो. आपल्याला तीच हवा शिक्षा म्हणून दिली होती, वरून वेठबिगारी.

म्हणून माझी गाडी रोज सेवाग्रामला थांबली की मी विचारात पडतो. गांधी १९३६ साली इथं, तेव्हाच्या शेगावात, राहायला आले. खेड्यात राहणं त्यांनी निवडलं. निवडणाऱ्याला खेडं सुंदर दिसू शकतं. त्याच खेड्याबद्दल बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत काय सुनावलं ते तुम्हाला पाठ आहे. खेडं म्हणजे अज्ञान, संकुचितपणा आणि जातीयतेचं घर, हा त्याचा मतलब. कारण बाबासाहेब खेड्याकडं त्याच्या हद्दीबाहेर ठेवलेल्या माणसाच्या डोळ्यांनी बघत होते.

पण इथं एक गाठ आहे. खेड्यावर एवढा राग असलेल्या चळवळीनं १८-१९ जुलै १९४२ ला आपल्या नागपुरातच परिषद भरवून अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी केली. म्हणजे वेगळं राहणं वाईट म्हणायचं की चांगलं? मी यावर पुष्कळ डोकं खाजवलं. मला सापडलेलं उत्तर असं. दुसऱ्यानं ढकलून दिलेलं वेगळेपण ही गुलामी. आपण मिळून, आपल्या अटींवर, पोटापाण्याच्या सोयीसकट उभं केलेलं वेगळेपण ही ताकद. भिंती सारख्याच असतील. दाराची कडी आतून आहे की बाहेरून, ते बघायचं.

हा नियम मी माझ्या वस्तीला लावला आणि गप्प झालो. माझ्या दाराची कडी आतून होती खरी, पण ती मी त्या मालकाच्या हसण्याला घाबरून लावली होती.

आता दुसरी बाजू. काही मित्र म्हणतील, जो गेला तो गेला. नोकरी लागली, लेआउटात प्लॉट घेतला, दारावरची पाटी बदलली, वस्तीत फक्त मयतीला येतो. हे खोटं नाही. १८ मार्च १९५६ ला आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जी वेदना बोलून दाखवली, ती अशाच माणसांबद्दल होती. मला तसलं व्हायचं नाही. पण मग बाबासाहेब स्वतः काय जगले तेही बघा. परळच्या बी.आय.टी. चाळीत ते वीसेक वर्षं राहिले. गिरणी कामगारांच्या गर्दीत, दोन लहान खोल्यांत. मग १९३० नंतरच्या वर्षांत दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधलं आणि तिथं गेले. पुस्तकांना जागा हवी होती, वाचायला शांतता हवी होती. त्यांनी समाज सोडला असं कोणी म्हणायला धजेल? त्या घरात काय लिहिलं गेलं, काय घडलं, त्यावरून आपण त्या घराची किंमत करतो. चाळीपासून ते किती फर्लांग लांब, हे कोणी मोजत बसत नाही.

राजगृह हे नावही बघा. बिंबिसाराची राजधानी. बुद्धाला राहायला जागा द्यायची तेव्हा बिंबिसारानं विचार केला, अशी कथा विनयात आहे. जागा गावाच्या फार जवळ नको, फार लांब नको. लोकांना जायला-यायला सोपी हवी. दिवसा गर्दी नको, रात्री गलका नको. म्हणून त्यानं नगराबाहेरचं वेळुवन दिलं. अडीच हजार वर्षांपूर्वी एका राजाला कळलं की राहण्याची जागा आणि काम यातलं अंतर हा विचार करण्याचा विषय आहे. भिक्खू रोज सकाळी भिक्षेला जाणार, त्यांच्या पायांचा विचार केला गेला.

आमच्या पायांचा विचार कोण करतो?

मुंबईकडं बघा. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्यांच्या जागेवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. ज्यांच्या घामावर ती जमीन सोन्याची झाली, त्या कामगारांचे आणि वारसांचे घरांसाठी दीड लाखाहून जास्त अर्ज पडून राहिले. आणि सरकारनं जागा दाखवली कुठली? बदलापूरच्याही पुढं, शेलू-वांगणीची. २०२५ च्या जुलैत म्हातारे कामगार आझाद मैदानावर बसले ते यासाठी, की घर द्या पण मुंबईत द्या. त्यांचा हट्ट कशाचा होता? चार भिंतींचा असता तर वांगणीतही भिंतीच आहेत. त्यांना परत कोणी गावकुसाबाहेर मोजून दिलेलं अंतर नको होतं.

आणि वेळेचं काय? बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. आपण १ मेला हे अभिमानानं सांगतो. पण कायदा गेटपासून गेटपर्यंत मोजतो. माझे डब्यातले ५ तास कुठल्याच मस्टरवर नाहीत. म्हणजे बाबासाहेबांनी कामगाराला वाचायला, विचार करायला, माणूस व्हायला जे तास मिळवून दिले, तेच मी रोज रुळावर सांडतो. सांडतो आणि वर त्याला समाजकार्य म्हणतो!

हे मला कळलं ते पुस्तकातून नाही. विहारात आमचं लहानसं वाचनालय आहे. संध्याकाळी पोरांचा अभ्यास घ्यायचा हे माझं काम. वस्ती न सोडण्याचं माझं सगळ्यात मोठं कारण तेच. एका दिवशी पहिली पाळी करून आलो, चटईवर बसलो, पोरांना गणित घातलं आणि बसल्या बसल्या झोपलो. जाग आली तेव्हा फळ्यावर गणित सुटलेलं. आमच्याच गल्लीतली, कॉलेजात जाणारी एक पोरगी शिकवत होती. मी उठायला लागलो तर म्हणाली, "दादा, पडा तुम्ही. तुमची दुसरी पाळी असते तवा मीच तर घेते."

मित्रांनो, मला आधी राग आला. मग लाज वाटली. दर दुसऱ्या आठवड्याला वर्ग ती घेत होती, आणि वस्ती माझ्यावाचून अडते या भ्रमात मी डब्यात उभा होतो. वस्तीला मी देत काय होतो? झोपलेलं शरीर. समाजात राहणं म्हणजे समाजात घोरणं नव्हे.

म्हणून माझा निकाल असा. जाणं हा गुन्हा नाही आणि राहणं ही तपश्चर्या नाही. दोन्ही ठिकाणी एकच हिशेब लावायचा. जागेपणीचे किती तास आपण स्वतःच्या माणूसपणाला देतो आणि किती आपल्या माणसांना? आणि आपण जिथं आहोत तिथलं अंतर कोणी मोजलं, आपण की आपल्या भीतीनं?

डब्यात आम्ही चौघं आहोत, पुलगाव-वर्ध्याकडचे, सगळे आपलेच. मी त्यांना म्हणालो, एकट्यानं दार वाजवलं की मालक हसतो. चौघं मिळून वाजवू. पूर्ण नाव आधीच सांगू, विचारायची वाट बघायची नाही. हा नाही म्हणाला तर पुढचं दार. आणि गिरणीकडं मागणी लावू, कामगारांना राहायला जागा द्या, नाहीतर येण्याजाण्याची गाडी द्या. पाच तासांची चोरी ही पण चोरीच आहे, तिच्यावर पत्रक निघालं पाहिजे.

यात मी काही गमावणार आहे, ते लपवत नाही. वर्षावासातला आवाज रोज कानावर पडणार नाही. आई रात्री एकटी असेल. सुट्टीच्या दिवशी येईन, पण सुट्टीचा माणूस हा पाहुणा असतो. डब्यात, पगाराच्या पावतीच्या पाठीवर मी कविता लिहीत आलो, त्याही कदाचित बंद पडतील. नवी खोली मला कविता देईल की नुसती झोप, माहीत नाही. आणि पाचव्या, सहाव्या दाराशीही तेच हसू दिसलं तर माझ्यात किती दम उरेल, तेही माहीत नाही.

वाचनालयाची किल्ली मी त्या पोरीकडं दिली. तिनं घेतली आणि पहिलंच काम सांगितलं. "दादा, तिकडून येताना इंग्रजीचं व्याकरण आणजा. आपल्यातलं फाटलं हाय."

आईला सांगितलं तेव्हा ती निवडण्यातली वर न बघता म्हणाली, "जाय. पण नाव लपवून राहू नको. तसं राह्यचं असंन तर मंग हे गाडीच बरी."

चार शब्दांत तिनं माझा लेख संपवला.

जय भीम.