सांडवा

"अण्णा, पुण्य तुमचं आणि गाळ आमचा, हे काही बरं नाही."

सकाळचे साडेसहा वाजले होते. शेजारी गडग्यापलीकडे उभा होता, पाय गुडघ्यापर्यंत तांबड्या चिखलाने माखलेले. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. अडतीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात मी बांधाचे, वहिवाटीचे आणि पागोळ्यांचे दावे चालवले. एकाच्या कौलांवरचं पाणी दुसऱ्याच्या अंगणात पडलं म्हणून भावाभावांनी उभी हयात एकमेकांची तोंडं पाहिली नाहीत, असे पक्षकार मी पाहिले आहेत. त्या सकाळी पहिल्यांदा मी प्रतिवादी होतो.

तळ्याची हौस माझीच. चिपळूणच्या अलीकडे, वाशिष्ठीच्या खोऱ्यात आमचं गाव. घर उतारावर आहे. वर उघडा कातळ, मध्ये आम्ही, खाली शेजारी आणि त्याच्याही खाली पऱ्या, म्हणजे ओढा. पावसाळ्यात पाण्याने जीव नकोसा होतो आणि एप्रिलात विहिरीचा तळ दिसतो. वकिली सोडल्यावर ठरवलं, परसात तळं करायचं. वीस फूट लांब, चौदा फूट रुंद, मध्यभागी पाच फूट खोल. बाजू उतरत्या, म्हणजे साधारण चोवीस हजार लिटर पाणी. जांभा पाणी धरत नाही, म्हणून शेततळ्याला अंथरतात तो कागद घातला. खणलेली माती खालच्या अंगाला टाकून बांध केला. डास नकोत म्हणून गप्पी मासे सोडले, आणि भरलेलं पाणी बाहेर जायला बांधातून चार इंची पाइप काढला. मासे वाहून पऱ्यात जाऊ नयेत म्हणून पाइपाच्या तोंडाला जाळी बसवली. ही जाळी बसवताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

तळं झालं तशी ग्रंथ चाळायची जुनी खोड उठली. भारतरत्न पां. वा. काणे आमच्याच बाजूचे, पेढे-परशुरामचे, आणि तेही वकील. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा १९४१ साली निघालेला दुसरा खंड माझ्याकडे आहे. त्यात उत्सर्गाचा विचार आहे. तळं खणून माणसाचं काम संपत नाही, त्याचा उत्सर्ग करावा लागतो. हे पाणी सर्व भूतांसाठी सोडलं, असा संकल्प करायचा. मत्स्यपुराणात त्याचा सगळा विधी दिला आहे, पाण्यात सोडायच्या धातूच्या कासव-माशांसकट. गाय पाण्यातून पलीकडे न्यायची आणि यजमानाने तिचं शेपूट धरून मागोमाग जायचं. दान आणि उत्सर्ग यांतला फरक काण्यांनी वकिलाच्या काटेकोरपणे मांडला आहे. दान दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचा काहीच हक्क उरत नाही. उत्सर्गात मालकी सुटते, पण वस्तू सगळ्यांसाठी सोडलेली असते आणि सोडणारा त्या सगळ्यांपैकीच एक असतो. म्हणून आपणच खणलेल्या तळ्यात तो स्नान करू शकतो, पण मालक म्हणून नव्हे.

ही तरतूद मला फार आवडली. मालकी सोडायची आणि पाणीही वापरायचं! आमच्याकडे गाय नाही. पण जूनच्या शेवटी शेजाऱ्याची गाय गडगा ढासळला होता तिथून आत आली, तळ्यावर पोटभर पाणी प्यायली आणि आमच्या हिने लावलेली अळवाची पानं खाऊन गेली. शेपूट धरायला मी धावलोच होतो, पण काठी घेऊन. तरी मनात म्हटलं, झाला उत्सर्ग. बेडूक आले, खंड्या आला, रात्री मुंगूस पाणी पिऊन जाऊ लागलं. मी पडवीत बसून चहा पीत पुण्य मोजत असे.

मग जुलैची ती रात्र आली. अंगणात सरळ बाजूंचा पत्र्याचा डबा ठेवलेला असतो. सकाळी पट्टी घातली तर १९० मिलिमीटर. वेधशाळेच्या भाषेत ११५.६ च्या पुढे अतिमुसळधार. हिशेब साधा होता, तो आधी करायला हवा होता. बाराशे चौरस फुटांच्या छपरावरचंच पाणी एकवीस हजार लिटर होतं. वरच्या पाच गुंठ्यांतलं निम्मं जरी वाहून आलं तरी आणखी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस हजार. तळं तर आधीच काठोकाठ होतं. त्यात जाळीवर फणसाची आणि आंब्याची पानं बसली, पाइप बंद झाला. पाणी बांधावर चढलं आणि जिथे बांध बोटभर सखल होता तिथून उतरलं. भरावाची माती भिजली की पाण्याला वाट खोदून द्यावी लागत नाही. पहाटेपर्यंत कमरेएवढी घळ पडली होती. चिखल शेजाऱ्याच्या हळदीच्या वाफ्यांवरून गोठ्याच्या भिंतीपर्यंत गेला.

"रात्री पाऊसच तसा झाला रे," मी म्हणालो. पक्षकाराला मी कित्येकदा शिकवलेलं वाक्य होतं ते. दैवी आपत्ती.

"पाऊस माझ्याकडेही तेवढाच झाला," तो म्हणाला.

या मुद्द्यावर दोन जुने निवाडे आहेत, आणि दोन्ही तळ्यांचेच आहेत. इंग्लंडात लँकेशायरमधल्या रायलँड्स नावाच्या गिरणीवाल्याने आपल्या जमिनीत तलाव बांधला. तलावाखाली जुन्या खाणीच्या विहिरी होत्या. त्यांतून पाणी शेजारच्या फ्लेचरच्या कोळशाच्या खाणीत शिरलं. रायलँड्सने स्वतः हयगय केलेली नव्हती, तरी १८६८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यालाच भरपाई द्यायला लावली. स्वतःच्या सोयीसाठी साठवलेली, सुटली तर घात करणारी वस्तू सुटली, तर जबाबदारी साठवणाऱ्याची. पुढे सहाच वर्षांनी, १८७४ मध्ये, प्रिव्ही कौन्सिलपुढे कार्वेटनगरच्या जमीनदाराचं प्रकरण आलं. अतिवृष्टीत त्याची जुनी तळी फुटून मद्रास रेल्वेचं नुकसान झालं होतं. इथे मात्र जमीनदार सुटला. या देशात तळी राखणं हे पूर्वापार लोकांसाठी चालत आलेलं कर्तव्य आहे, ती मोडून टाकायची त्याला मुभाच नाही, आणि त्याने हयगय केल्याचंही दिसत नाही, असा त्या निकालाचा आशय.

माझी गंमत अशी, की चहा पिताना मी कार्वेटनगरचा जमीनदार होतो. तळं सर्वांसाठी, मी नुसता राखणदार. पण तळं खणताना, जागा निवडताना, पाइप कुठे काढायचा ते ठरवताना मी पुरता रायलँड्स होतो. शेजाऱ्याला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

मीमांसक यज्ञाची तीन अंगं सांगतात: द्रव्य, देवता आणि त्याग. आहुती देताना यजमान 'न मम' म्हणतो, हे माझं नाही. तेवढ्यानेच त्याग पुरा होतो. त्या सकाळी माझ्या लक्षात आलं, की 'न मम' हे शब्द दोन ठिकाणी म्हणता येतात. पाणी आत असताना म्हटले तर तो त्याग. बांध फोडून शेजाऱ्याच्या गोठ्याशी गेल्यावर म्हटले तर ती कैफियत. शब्द तेच असतात आणि म्हणणाऱ्याला दोन्ही वेळा सारखंच हलकं वाटतं. म्हणून तर फसायला होतं. हक्क सोडणं एक आणि अंग काढून घेणं दुसरं. पहिल्याने दुसऱ्याची परवानगी मिळत नाही, उलट बंधन वाढतं. ज्यांच्यासाठी पाणी सोडलं त्या 'सर्व भूतां'त हळदीच्या वाफ्यांचा धनीही आला.

'सर्व' हा शब्द संकल्पात सहज बसतो, तळ्याच्या पायऱ्यांवर बसत नाही, हे कोकणाइतकं कोणाला ठाऊक असावं? महाड इथून फार लांब नाही. तिथल्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. तरी २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह तिथे जाऊन ओंजळभर पाणी प्यावं लागलं, आणि त्यानंतर गावातल्या सवर्णांनी तळं 'शुद्ध' करून घेतलं. वाद कोर्टात गेला, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला. आमच्या जुन्या घराच्या विहिरीवरही माझ्या लहानपणी काही माणसं दूर उभी राहायची आणि पाणी वरून ओतलं जायचं. विहिरीच्या काठावर कोनाड्यात वरुणाची पूजा व्हायची. तिथे 'न मम' म्हणणाऱ्या आजोबांना काही विसंगत वाटल्याचं मला आठवत नाही. मीही तेव्हा काही विचारलं नाही.

मग काय करायचं? तळं बुजवायचं हा एक मार्ग होता. आमच्या हिने तो दोनदा सुचवला. पण शेजारीच म्हणाला, "बुजवू नका. मे महिन्यात गाईला इथलं पाणी पाजलं, तर माझ्या विहिरीचं चार दिवस जास्त पुरेल, बघा. फक्त सांडवा नीट काढा."

सांडवा. धरणाच्या बातम्यांमुळे हा शब्द रोज कानावर पडतो. त्याच बातम्यांत पाण्याचा 'विसर्ग' असतो. उत्सर्ग आणि विसर्ग एकाच धातूचे, सोडणे हाच दोन्हींचा अर्थ. आणि आपल्या जुन्या मराठीत 'सांडणे' म्हणजे नुसतं ओघळणं नव्हे, टाकून देणं, त्याग करणं हाही त्याचा अर्थ आहे. संत अहंकार सांडायला सांगतात. आपण दूध सांडतो. एक जाणूनबुजून घडतं, दुसरं हातून निसटतं. सांडव्याचं काम एवढंच, की जे निसटणारच आहे त्याची वाट आधी ठरवून ठेवायची.

वाट शेजाऱ्याने दाखवली. भरावाच्या मातीवरून न्यायचं नाही, कडेच्या न हललेल्या कातळावरून न्यायचं. बांधाच्या माथ्यापेक्षा नऊ इंच खाली, तीन फूट रुंद, तळाला चिरे. पाणी पसरून, पातळ होऊन उतरलं पाहिजे, एका धारेने नाही. पुढे त्याच्या गडग्याच्या बाहेरून चर, काठाला वाळा, आणि शेवट पऱ्यात. पाइपाचं तोंड बंद केलं. माशांची जाळी आता सांडव्याच्या बरीच आत, तळ्यात उभी आहे, चांगली रुंद आणि माथा पाण्याच्या पातळीला. पानं अडली तरी पाणी वरून जातं. एखादा मासा जातही असेल. त्याच्या गोठ्याची भिंत मी बांधून दिली. त्याला तो भरपाई म्हणाला नाही, मीही दान म्हणालो नाही.

याज्ञवल्क्य स्मृतीत एक नियम आहे. दुसऱ्याच्या तळ्यात स्नान करायचं तर आधी त्यातून चिखलाचे पाच गोळे काढावेत. पापपुण्याच्या हिशेबातून लिहिलेला, पण गाळ उपसायची इतकी साधी व्यवस्था कोणत्या खात्याने काढली असती? मे महिन्यात आम्ही दोघं तळ्यात उतरतो. कागद फाटेल म्हणून फावडं नाही, घमेल्याने गाळ काढतो. तो हळदीला नेतो. पाच गोळ्यांवर तो थांबत नाही, मीही मोजत नाही.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. माझा सांडवा पऱ्यात उतरतो, पऱ्या वाशिष्ठीत. तिच्यातच कोयनेच्या वीजघरांचं पाणी कोळकेवाडीवरून येऊन मिळतं. २२ जुलै २०२१ ला ती चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली तेव्हा माझं तळं नव्हतं. आता आहे. पुढच्या वेळी त्या पुरात माझे किती लिटर असतील? पुराच्या मानाने शून्य, हे मला कळतं. पण कोर्टात इतकी वर्षं प्रत्येक प्रतिवादी हेच सांगत आला, की माझा वाटा शून्य.

काल रात्री अकरा वाजता पावसाचा जोर वाढला. छत्री आणि बॅटरी घेऊन गेलो. जाळीवर फणसाची पानं साचली होती. वाकून ती हाताने काढली तेव्हा खाली, शेजाऱ्याच्या ओट्यावरही बॅटरी लुकलुकली.

"काढलीत का?" तो ओरडला.

"काढली रे. तुझ्याकडे?"

"चर मोकळा आहे. झोपा आता."