'जनरस' कोणाला म्हणायचे?

'जनरस' या इंग्रजी शब्दाचा अर्थ उर्दूत 'सखी' किंवा 'फय्याज', मराठीत 'उदार' असा सांगून आम्ही शिक्षक पुढचा शब्द घेतो. अर्थ बरोबरच आहे. पण मूळ पाहिले तर माणूस विचारात पडतो. लॅटिनमध्ये 'गेनुस' म्हणजे वंश. त्यावरून 'गेनेरोसुस', म्हणजे उच्च कुळात जन्मलेला. इंग्रजीत हा शब्द आला तोही याच अर्थाने. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'त जेवणाचे आमंत्रण मिळालेले सायप्रसचे लोक 'जनरस' आहेत, ते केवळ खानदानी म्हणून! सढळ हाताने देणारा, हा अर्थ सतराव्या शतकात रुजू लागला.

याच्या उलट 'मीन'. आधी सामान्य, मग हलक्या दर्जाचा, पुढे क्षुद्र आणि शेवटी कंजूष. म्हणजे देण्याचा गुण वरच्यांच्या खात्यावर आणि चिकटपणा खालच्यांच्या. शब्द घडवणाऱ्यांनी हिशेब मोठा चोख ठेवला! आपण हसण्याचे कारण नाही. आपला 'शरीफ' मुळात उच्चकुलीनच होता, आणि 'कमीना' ही शिवी हलक्या दर्जाच्या माणसावरूनच आलेली आहे.

अरबी 'करीम'मध्येही कुलीन आणि दाता हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. इस्लामपूर्व काळात थोर घराणे आणि पाहुण्यासाठी कापलेला उंट, दोन्ही करीमची लक्षणे. हातिमताई त्याच काळातला, तय कबिल्याचा. कुरआनने हाच धातू उचलला आणि त्याचे माप बदलले. सूरह हुजुरातची 13वी आयत सांगते की कबिले एकमेकांची ओळख पटावी म्हणून आहेत. अल्लाहजवळ 'अकरम' तो, जो तकव्यात पुढे. हा 'अकरम' करमचाच भाऊ. मराठीत आपण 'देण्याची दानत' म्हणतो. ही दानत दानावरून आली असे अनेकांना वाटते. ती आली अरबी 'दियानत'वरून, म्हणजे सचोटीवरून. खानदानाचा तिथेही संबंध नाही.

मग आपल्या वागण्यात तो कुठून येतो? रमजानमध्ये राशन वाटताना बॅनरवर देणाऱ्याचे नाव ठळक अक्षरांत आणि फोटोत घेणाऱ्या बाईची मान खाली. उपकार बोलून दाखवून, मन दुखवून सदका वाया घालवू नका, असे सूरह बकराच्या 264व्या आयतीत बजावले आहे. फोटो हे बोलून दाखवणेच नाही का? आणि हाच दाता मुलीसाठी स्थळ पाहताना आधी बिरादरी विचारतो. त्याच्या राशनवर वाढलेला मुलगा शिकून सवरून समोर आला तरी प्रश्न तोच.

त्याच मोहल्ल्यात धुणीभांडी करणारी बाई इफ्तारच्या आधी शेजारी ताटली पाठवते. दोन केळी, चार भजी, थोडे खजूर. तिला कोणी सखी म्हणत नाही, तिलाही तसे वाटत नसते. शेजारीण ती ताटली धुऊन ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात काहीतरी घालूनच परत करते. रिकामी ताटली परत पाठवायची नाही, असा रिवाज आहे.