पर्चचे आमिष आणि त्यातला खोटेपणा

पर्च हा युरोपातल्या तळ्यांत, कालव्यांत आणि संथ नद्यांत राहणारा गोड्या पाण्यातला शिकारी मासा. हिरवट अंगावर काळसर उभे पट्टे, पोटाकडचे पर तांबूस, पाठीवरचा पर काटेरी. तो थव्याने हिंडतो, मुख्यतः नजरेने भक्ष्य हेरतो आणि किडे, अळ्या, लहान मासे, प्रसंगी आपल्याच जातीची पिल्लेही खातो. आयझॅक वॉल्टन या इंग्रज लेखकाने 1653 साली छापलेल्या गळ-मासेमारीच्या प्रसिद्ध ग्रंथात पर्चसाठी तीन आमिषे सांगितली आहेत: गांडूळ, मिनो नावाचा बोटभर मासा आणि छोटा बेडूक. आज बेडूक मागे पडला आहे. त्याची जागा पाण्यातून ओढताना गरगर फिरून चकाकणाऱ्या पत्र्याच्या फिरकीने घेतली आहे.

या सगळ्या आमिषांत एक गोष्ट समान आहे. माशाला जे दाखवले जाते ते अन्न असते किंवा अन्नासारखे दिसते, आणि जे मिळते तो गळ असतो. म्हणून आमिष लावणे ही फसवणूक आहे का, असल्यास तिचा दोष कुणाचा, हा प्रश्न फार जुना आहे. प्लेटोच्या ‘सोफिस्ट’ या संवादात व्याख्या कशी करावी हे शिकवण्यासाठी पहिले उदाहरण गळ टाकणाऱ्याचे घेतले आहे. लगेच पुढे सोफिस्ट, म्हणजे पैसे घेऊन शहाणपण शिकवणारा शिक्षकही, त्याच्यासारखाच शिकारी ठरतो, फक्त त्याचे भक्ष्य म्हणजे श्रीमंत घरचे तरुण.

भारतीय परंपरेने याच दृश्याकडे माशाच्या बाजूने पाहिले. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये मासा आहे. जिभेच्या ओढीने तो गळाला लागतो, म्हणून साधकाने रसना जिंकावी, हा त्याचा धडा. एकनाथांनी याच स्कंधावर ‘एकनाथी भागवत’ लिहिल्यामुळे हा मासा मराठी घरांत पारायणातून पोचला. संयुत्तनिकाय या पाली बौद्ध ग्रंथात लाभ आणि सत्कार यांना आमिष लावलेला गळ म्हटले आहे, आणि गळ टाकणारा तिथे मोहात पाडणारा मार आहे. मराठीतला ‘आमिष’ हा शब्दही मुळात मांसासाठीचा आहे. ‘निरामिष’मध्ये तो अर्थ अजून शिल्लक आहे.

ख्रिस्ती परंपरेत मात्र गळ देवाच्या हाती आला. चौथ्या शतकातले निस्साचे बिशप ग्रेगरी यांनी मांडले की ख्रिस्ताचे मानवी शरीर हे आमिष होते आणि त्याखाली दडलेले देवत्व हा गळ. सैतानाने आमिष गिळले आणि तो अडकला. देव फसवेल कसा, ही शंका त्यांनी स्वतःच घेतली. त्यांचे उत्तर असे की अन्नात काही मिसळणारे दोघे असू शकतात, एक विष घालणारा आणि दुसरा त्या विषावरचा उतारा घालणारा. कृती एकच, हेतू वेगळा.

या दृष्टान्तांत मासा लोभी ठरतो. उपदेश म्हणून ते ठीक आहे, पण खऱ्या पर्चला ते लागू पडत नाही. आवरता येत असूनही न आवरणे म्हणजे लोभ. पर्च चकाकणाऱ्या, लुकलुकणाऱ्या वस्तूवर झडप घालतो ती देहस्वभावाने. त्याच्यापुढे मोहाचा प्रश्नच उभा राहत नाही. तेव्हा दोष असेल तर तो दोरीच्या दुसऱ्या टोकाला आहे.

त्या टोकाच्या माणसाने आमिष निवडायचे कसे? गांडूळ खरे अन्न आहे, म्हणून ते कमी फसवे वाटते. पण ते लावले की मासा ते गिळत जातो. पाण्यावरचा तरंगक थरथरतो, थांबतो, मग तिरका सरकत खाली जातो. तेवढ्या वेळात, विशेषतः लहान पर्चच्या बाबतीत, गळ ओठ ओलांडून घशात रुतलेला असतो. मग तो उपसून काढताना कल्ले फाटतात, रक्त येते. फिरकी पूर्णपणे खोटी असते. पण ती ओढीत असल्यामुळे गळ बहुधा ओठात किंवा जबड्याच्या कडेला लागतो. अधिक खोटे आमिष इजा कमी करते. जिवंत मिनो सर्वांत वाईट, कारण त्यात पर्चच्या आधी आणखी एक मासा तासन्‌तास टोचलेला राहतो. म्हणून मोजायची ती वेदना. आमिष किती खोटे, हा प्रश्न दुय्यम ठरतो.

माशाला वेदना होते का, यावर अजून वाद आहे. 2003 मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या डोक्यात इजेची जाणीव घेणारे चेतातंतू दाखवले. ओठात आम्ल टोचलेले मासे खाणे थांबवून तोंड तळाच्या खडीवर घासत होते. माशाला मेंदूचे बाह्यपटल नसल्याने ही केवळ प्रतिक्रिया आहे, असे विरोधक म्हणतात. शंका असताना सावधपणे वागणे, हेच इथे न्याय्य आहे.

पकडून सोडून दिले की दोष फिटतो, हा समजही पर्चने खोटा पाडला आहे. त्याची वायूपिशवी बंद असते. दहा-बारा मीटर खोलीवरून वर ओढल्यास आतला वायू फुगतो आणि पुष्कळदा जठर उलटून तोंडात येते. असा मासा पाण्यात सोडला तरी त्याला खाली जाता येत नाही.

कायद्यानेही हीच दिशा धरली आहे. जर्मनीचा 1972 चा प्राणीसंरक्षण कायदा वाजवी कारणाशिवाय प्राण्याला वेदना देऊ देत नाही. स्कॉटलंडने 2007 च्या कायद्याने जिवंत पृष्ठवंशी प्राणी आमिष म्हणून लावण्यास बंदी केली. स्वित्झर्लंडच्या 2008 च्या अध्यादेशानुसार केवळ सोडून देण्याच्या इराद्याने मासे धरता येत नाहीत. पर्च धरायचाच तर तो खाण्यासाठी, ओढत्या फिरकीने, उलटा काटा नसलेल्या गळाने धरावा, आणि काठावर आल्याबरोबर डोक्यावर एकच नेमका फटका मारून संपवावा.