नेतृत्वाची पत

२६ ऑक्टोबर १९४२च्या रात्री अमेरिकेतली लाखो घरे रेडिओला कान लावून बसली होती. बोलत होते वेंडेल विल्की. दोन वर्षांपूर्वी रिपब्लिकन पक्षातर्फे अध्यक्षपदासाठी लढून ते रूझवेल्टांकडून हरले होते. आता ४९ दिवसांत सुमारे ३१,००० मैलांचा विमानप्रवास करून परतले होते : एल अलामीनची आघाडी, बैरुत, बगदाद, तेहरान, मॉस्को, चुंगकिंग. त्यांनी देशाला सांगितले की, जगभर अमेरिकेविषयी सद्भावनेचा मोठा साठा आहे, पण तो गळतो आहे. आणि ही भोके हिटलरने पाडलेली नाहीत, ती आपणच पाडली आहेत.

युद्ध ऐन भरात असताना आपल्याच माणसांना हे ऐकवायला छाती लागते. अमेरिकेने जगाचे नेतृत्व करावे, असे तिथले उमेदवार दर चार वर्षांनी सांगतात. ते कशाच्या जोरावर करायचे, याचे विल्कींनी दिलेले उत्तर मला आजही सर्वांत खरे वाटते. सैन्य आणि पैसा यांनी धाक बसतो. लोक मागे येतात ते पत असेल तर.

इंडियाना राज्यातल्या एल्वुड गावी १८९२ साली जन्मलेला हा वकील पुढे एका मोठ्या वीज कंपनीचा प्रमुख झाला. कोणतीही निवडणूक त्याने तोवर लढवलेली नव्हती. जून १९४०मध्ये फिलाडेल्फियात पक्षाचे अधिवेशन भरले, तेव्हा पॅरिस जर्मनांच्या हाती पडून दोन आठवडेही झाले नव्हते. युरोपचे युरोपने निस्तरावे, असे मानणाऱ्यांचे पक्षात वजन होते. पण सज्जातल्या गर्दीने ‘आम्हाला विल्की हवेत’ असा घोष धरला आणि सहाव्या फेरीत ते उमेदवार झाले. मते जाण्याची भीती असतानाही त्यांनी सक्तीच्या लष्करभरतीला पाठिंबा दिला. शांततेच्या काळात अमेरिकेत असे पहिल्यांदाच घडत होते.

प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यांत मात्र त्यांचा पाय घसरला. रूझवेल्ट पुन्हा आले तर तुमची मुले युद्धावर जातील, अशी भीती त्यांनी घातली. निकाल लागला, ४४९ विरुद्ध ८२. पुढे फेब्रुवारी १९४१मध्ये ब्रिटनला शस्त्रे पुरवणाऱ्या ‘लेंड-लीज’ विधेयकाच्या बाजूने ते सिनेटच्या समितीपुढे साक्षीला आले, तेव्हा एका सदस्याने त्यांचेच जुने शब्द त्यांच्यापुढे ठेवले. ती प्रचारातली भाषा होती, असे विल्कींनी सरळ कबूल केले. मतांसाठी तसे बोलणे चूकच होते. पण जुन्या शब्दांना चिकटून राहिले असते तर पक्षात त्यांचे स्थान टिकले असते, आणि त्यांनी ते पणाला लावले.

विल्की जगप्रवासाला निघाले २६ ऑगस्ट १९४२ला. त्याआधी अठरा दिवस मुंबईच्या गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला होता. गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, तर नेहरू, पटेल, आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान होते. विल्कींचे विमान भारतात उतरले नाही, पण भारताचा प्रश्न त्यांना कैरोपासून वाटेत ठिकठिकाणी भेटत राहिला. चीनमधल्या एका जाणत्या माणसाने त्यांना सांगितले : भारताचे स्वातंत्र्य लांबणीवर पडले, तेव्हा पूर्वेकडच्या लोकांच्या मनातून ब्रिटन उतरले नाही, उतरली ती अमेरिका. ब्रिटनकडून कुणाला फारशी आशा नव्हतीच. अमेरिकेने मात्र अटलांटिक सनद जाहीर करून, आपले सरकार निवडण्याचा हक्क प्रत्येक जनतेला आहे असे म्हटले होते. ज्याच्या शब्दावर भरवसा ठेवलेला असतो, त्याचे गप्प बसणे अधिक लागते. विल्कींनी हे रेडिओवरून सांगितल्यानंतर पंधरवड्यातच, साम्राज्य मोडीत काढण्यासाठी मी पंतप्रधान झालेलो नाही, असे चर्चिल यांनी लंडनमध्ये जाहीर केले.

घरातल्या भोकांकडेही विल्कींनी डोळेझाक केली नाही. काळ्या सैनिकांना वेगळ्या पलटणीत ठेवणाऱ्या देशाने जगाला स्वातंत्र्य शिकवू नये, असा त्यांच्या भूमिकेचा रोख होता. त्यांनाही सगळे दिसले असे नाही. चँग कै-शेक यांच्या राजवटीवर त्यांनी नको तेवढा विश्वास टाकला. १९४३मध्ये आलेल्या त्यांच्या ‘वन वर्ल्ड’ पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या, पण १९४४च्या वसंतात विस्कॉन्सिनमध्ये पक्षाने त्यांना एकही प्रतिनिधी दिला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात, वयाच्या बावन्नाव्या वर्षी ते गेले.

ज्या तेहरानमध्ये त्यांचे स्वागत झाले, तिथेच १९५३मध्ये मोसादेग यांचे सरकार पाडण्यात अमेरिकेचा हात होता. इराणी माणूस ते अजून विसरलेला नाही. आपल्याकडेही साठच्या दशकातल्या टंचाईत रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीने पिशवीतून अमेरिकेचा लाल गहू घरी आणला, तो दळून पोळ्या केल्या. तो साठा भरण्याचा काळ होता. १९७१च्या डिसेंबरात सातवे आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाल्याची बातमी आली, तेव्हा त्याच घरांत त्याच अमेरिकेविषयी संताप उसळला. गव्हाची किती जहाजे आली होती, हे त्या दिवशी कुणी मोजत बसले नाही.

विल्की ज्या साठ्याविषयी बोलले, तो असा स्वयंपाकघरांत भरतो आणि तिथेच आटतो. पुढच्या निवडणुकीत कुणी अमेरिकेच्या नेतृत्वाची हमी देऊ लागला, तर त्याच्या आरमाराचा आकडा मी शेवटी विचारीन. आधी विचारीन, भोके कुठे आहेत ते तुला माहीत आहे का, आणि त्यातली तू स्वतः किती बुजवणार आहेस?