खिंडीतील जकात

डोंगर चढून जावे, पलीकडे डोळे भरून पाहावे आणि काही काम न करता परत यावे, हे विचारी माणसास शोभते काय? नाशकातील तरुण मंडळींस हा प्रश्न पडत नाही. शनिवारी रात्री पाठीस पिशव्या लावून ती घोटीच्या वाटेने भंडारदऱ्यास निघतात आणि रविवारी रात्री पाय चोळीत घरी येतात. (उपासनेच्या वेळी त्यांची बाके रिकामी असतात, पण तो विषय निराळा.) प्रश्न पडतो तो ज्यांच्या दारावरून ही वाट जाते त्यांस. आमच्या खेड्यांतील वाचकांनीही तो आम्हांस अनेकदा विचारला आहे. म्हणून आज त्याचाच थोडा विचार करू.

ज्यांनी ते ठिकाण पाहिले नाही त्यांच्याकरिता आधी दोन शब्द सांगितले पाहिजेत. नाशकापासून सुमारे 70 किलोमीटरवर, अकोले तालुक्यात, प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचे दगडी धरण आहे. ते 1926 साली पुरे झाले; त्याची उंची सुमारे 82 मीटर आहे. धरणामागे जो विस्तीर्ण जलाशय झाला, त्याच्या काठाकाठाने शेंडी, मुरशेत, पांजरे ही गावे मागे टाकीत पश्चिमेस गेले म्हणजे घाटघर लागते, आणि तेथे सह्याद्री एकाएकी संपतो. पाठीमागे पाणी व त्याच्यावर 1646 मीटर उंचीची कळसूबाई. उजवीकडे अलंग, मदन, कुलंग हे तीन दुर्ग. आणि पायांखाली, खूप खोल, कोकण. येथूनच चोंढे घाटाची जुनी पायवाट शहापूर तालुक्यात उतरते. आश्विनात, पाऊस नुकताच उघडला असता, हा देखावा ज्याने पाहिला त्यास तो आयुष्यभर पुरतो, असे म्हणण्यास आम्ही कचरणार नाही.

तथापि शिखर आणि खिंड ह्यांत एक भेद आहे. शिखरावर पोहोचलेल्या माणसास पुढे वाट नसते. खिंडीतून पुढे वाट असते, आणि ती कोणीतरी आपल्या गरजेपायी पाडलेली असते. भात, मीठ, गूळ, बाळंतीण, रोगी, ही सर्व ह्या वाटांनी वरखाली गेली आहेत. घाटघरच्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस विचारले, “पल्याड काय काम काढलंत, बाबा?” काम काही नाही, नुसते पाहावयास आलो, असे आम्ही म्हटले. ते हसले नाहीत व रागावलेही नाहीत. त्यांस ते उत्तरच वाटले नाही, म्हणून ते आणखी थोडा वेळ वाट पाहत उभे राहिले.

खिंडीचा एक प्राचीन कायदा आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांचे लेख असलेली लेणी आहेत, तेथे एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात घाटाची जकात टाकीत असत, असे लोक सांगतात. पण त्याच घाटात खडकात खोदलेली पाण्याची टाकीही आहेत, हे रांजण दाखविणारे बहुधा सांगावयास विसरतात. जो राजा वाटसरूकडून घेत होता, त्याच्या घाटात वाटसरूस पाणीही मिळत होते. तिकडे आल्प्स पर्वतातही असेच आढळते. ग्रेट सेंट बर्नार्ड ह्या खिंडीत, 2469 मीटर उंचीवर, एका लहानशा सरोवराच्या काठी बर्नार्ड नावाच्या धर्मसेवकाने सुमारे 1050 साली आश्रयस्थान स्थापिले. तेथील साधू शतकानुशतके बर्फात सापडलेल्या वाटसरूंना शोधून आणीत आले. 1964 साली त्या डोंगराखालून मोटारींचा बोगदा सुरू झाला, तेव्हापासून गरजेने खिंड ओलांडणारे खालून जातात व वरून चालणारे बहुतेक हौशी असतात. दार मात्र अद्याप उघडे आहे.

आमच्याकडेही असेच झाले. 1865 साली कसाऱ्याचा घाट चढून आगगाडी इगतपुरीस आली, मागून मोटारीचे रस्ते झाले, आणि आडवाटेच्या घाटांतून ओझेकरी हळूहळू नाहीसे झाले. वाट राहिली, गरज गेली, हौस आली. हौस वाईट काय? आमचे कित्येक बंधू चटकन म्हणतील की होय, हा वेळेचा व पैशाचा अपव्यय आहे. आम्हांस हे मान्य नाही. ज्याने हे डोंगर घडविले त्याने ते केवळ गवत कापण्यापुरते घडविले, असे मानण्यास काही आधार दिसत नाही. ओझ्याखाली वाकलेल्या माणसास देखावा दिसत नाही, ह्यावरून देखावा पाहणे पाप ठरत नाही. फार तर इतके ठरते की ओझे हलके झाले पाहिजे.

खरी अडचण त्या सुंदर पाण्याची आहे. हे सरोवर आल्प्समधल्या सरोवरांसारखे बर्फाने कोरलेले नाही. माणसांनी नदी अडवून केलेले आहे, आणि जेथे आज पाणी हेलावते तेथे पूर्वी प्रवरेचे खोरे होते. ते का अडविले हेही न्यायाने सांगितले पाहिजे. 1876 ते 1878 व पुन्हा 1899-1900 ह्या दुष्काळांत दख्खनच्या सपाटीवरील माणसे व गुरे किती मेली, ह्याच्या आठवणी आमच्या जुन्या मंडळ्यांच्या घराघरांत होत्या. प्रवरेच्या कालव्यांनी राहुरी-श्रीरामपूरकडील कोरड्या जमिनीस आधार दिला. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, आणि 1950 साली लोणीस सहकारी साखर कारखाना सुरू झाला. ह्या उपकाराची जो थट्टा करील त्याने दुष्काळ पाहिलेला नाही.

परंतु वर राहिलेल्यांचे काय? मुळशीच्या शेतकऱ्यांनी 1921 साली सत्याग्रह करून हाच प्रश्न विचारला होता. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा कायदा 1976 साली झाला, म्हणजे भंडारदऱ्याचे धरण पुरे झाल्यावर 50 वर्षांनी. आणि घाटघर-रतनवाडीचा पाऊस तर असा की त्या जिल्ह्यात तितका दुसरीकडे क्वचितच पडतो. पण काळा कातळ पाणी धरीत नाही, उतारावरून ते जलाशयात जाते, आणि होळीनंतर ह्याच डोंगरांतील बायका डोक्यावर हंडे घेऊन झरे शोधीत फिरतात. खिंडीत उभे राहून पलीकडे पाहावे तर तेच. शहापूर तालुक्यात तानसा व भातसा ही धरणे मुंबईची तहान भागवितात, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. 2008 पासून घाटघरास वीजनिर्मितीचा एक प्रकल्प चालू आहे; त्यात वरच्या तलावाचे पाणी खाली चोंढ्याकडे सोडून 250 मेगावॅट वीज करतात, आणि विजेची मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवितात. पाण्यास घाट चढविण्याची विद्या आपणांस अवगत झाली आहे, ही गोष्ट हंडा वाहणाऱ्या बाईस कोणी कशी समजावून सांगावी, हे आम्हांस सुचत नाही.

येथे एखादा तरुण म्हणेल, “धरण मी बांधले नाही, मी दोन दिवस आलो, कोणाचे काही नेले नाही.” हे शब्दशः खरे आहे. परंतु खिंडीतला प्रश्न अपराधाचा नसून जकातीचा आहे. जकात चोराकडून घेत नसत. जो वाट वापरी त्याच्याकडून घेत. देखावा पाहिला, पोरांनी दाखविलेल्या वाटेने गेलो, कोणाच्या तरी अंगणात भाकरी खाल्ली व माठातील पाणी प्यालो, तर त्या घरी पाणी कोठून येते एवढे तरी विचारणे हा पहिला हप्ता आहे. भाकरीच्या किमतीवरून घासाघीस करणारा, आणि झऱ्यात साबण लावून अंघोळ करणारा, हा वाट चुकविणारा माणूस होय, मग त्याचे चित्र कितीही सुरेख येवो. ह्याउलट चार नाणी जास्त टाकून आपण फिटलो असे समजणाराही तितकाच चुकतो, कारण पैसे टाकल्याने झरा खणला जात नाही. त्याकरिता कोणीतरी तालुक्याच्या कचेरीत पुन्हापुन्हा जावे लागते, आणि तेथे नाशकाच्या शिकलेल्या मुलाचा अर्ज वाचला जातो, पाड्यावरच्या बाईचा टेबलावर पडून राहतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आणि ही गोष्ट डोंगर चढणाऱ्यांपुरतीच नाही. जे कधी घाटघरास जाणार नाहीत, त्यांच्याही चहात साखर पडते. आम्ही नाशिककर गंगापूरच्या धरणाचे पाणी पितो; तेही कोणाच्या तरी शेतावर साठलेले आहे. पाणीपट्टीची पावती आमच्या घरी नियमाने येते व आम्ही ती नियमाने भरतो. त्या पावतीवर नळाचा क्रमांक असतो, वापराचा आकडा असतो, उशीर झाल्यास दंड असतो. धरणाच्या वर राहणाऱ्या गावाचे नाव तीवर आम्ही शोधून पाहिले. त्याकरिता रकानाच नाही.